सुंगटांचे पथ्य

फोंडा, 8 जुलै

आज बाह्यरुग्ण विभागात चोडणचा एक 33 वर्षांचा गृहस्थ आपल्या 6 वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मिरगाचा पाऊस सुरू झाल्यापासून मुलीला पहाटे धाप लागते आणि छातीत बारीक शिट्टी वाजते. मी माझे नेहमीचे प्रश्न विचारीत होते: मुलगी झोपते कुठे, गादी कापसाची की काथ्याची, उशाकडच्या भिंतीला ओल येते का, चुलीत चुडते, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या, जाळतात का. घरात दमा आणखी कुणाला आहे, या प्रश्नावर तो हसला आणि म्हणाला, "मलाच होता, मॅडम. लहानपणी मी तुमच्याकडेच येत होतो. तुम्ही सांगितल्यापासून आजपर्यंत सुंगटाला हात लावलेला नाही."

हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, तर नेमून दिलेला अभ्यास पुरा केलेल्या विद्यार्थ्याच्या समाधानाने सांगितले. तेव्हा तो 11 वर्षांचा होता, म्हणजे हे पथ्य 22 वर्षे चालू आहे. गोव्याबाहेर ज्यांना कोळंबी म्हणतात ती आमची सुंगटे, आणि चोडणसारख्या बेटावर, जिथे खाजन शेतीच्या (खाडीकाठच्या बांधबंदिस्त जमिनीच्या) मानशीला, म्हणजे पाण्याच्या दाराला, जाळे लावले की सुंगटे घरी येतात, तिथे एका मुलाला ती वर्ज्य करणे म्हणजे त्याला रोज पंगतीतून उठवून बाजूला बसवणेच होय. त्याच्या आईने इतकी वर्षे हुमणासाठी, म्हणजे माशांच्या कालवणासाठी, दोन वेगळी भांडी ठेवली.

मुलीला तपासून झाल्यावर फवाऱ्याचे औषध स्पेसर (तोंडाशी धरायची पोकळ नळी) लावून कसे द्यायचे ते मी वडिलांकडून दोनदा करवून घेतले. मग त्याला विचारले की पथ्य सुरू होण्यापूर्वी सुंगटे खाल्ल्यावर कधी ओठ सुजले होते का, अंगावर गांधी उठल्या होत्या का, उलटी किंवा धाप लागली होती का. त्याने बराच वेळ आठवून पाहिले. "नाही. आवडीने खात होतो," तो म्हणाला.

संध्याकाळी जुन्या नोंदवह्या काढल्या. त्या काळी आम्ही ॲलर्जीच्या चाचणीत त्वचेवर उठलेल्या गांधीची कड पेनाने आखून तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबत असू आणि तो ठसा वहीत लावत असू. 2003 च्या वहीत त्याचे चारही ठसे आहेत. चिकटपट्टी पिवळी पडली आहे, पण शाई शाबूत आहे. घरधुळीतल्या माइट या सूक्ष्म जिवाची गांध 7 मिलिमीटर, सुंगटाची 4, आणि तुलनेसाठी टोचलेल्या हिस्टामिनची 5, सलाईनची शून्य. त्याखाली माझ्या अक्षरात, अधोरेखित करून: "सुंगटे व कुर्ल्या पूर्ण वर्ज्य." कोणता पदार्थ खाल्ल्यावर काय होते, हे लिहिण्याचा रकाना कोरा आहे.

फोंडा, 9 जुलै

रात्री झोप नीट लागली नाही. पाऊसही थांबला नव्हता.

ही चाचणी मी कितीजणांवर केली, ते मोजलेले नाही. हातावर अर्काचा थेंब ठेवायचा, त्यातून त्वचेला सुईचे टोक जेमतेम लावायचे, 15 मिनिटे थांबायचे आणि सलाईनच्या खुणेपेक्षा गांध 3 मिलिमीटरने मोठी असेल तर ती होकारार्थी धरायची. पण त्या गांधीचा अर्थ एवढाच की त्वचेतल्या मास्ट पेशींवर त्या पदार्थाला ओळखणारी आयजीई ही ॲलर्जीची प्रतिपिंडे बसलेली आहेत. तो पदार्थ पोटात गेल्यावर माणूस आजारी पडेल की नाही, हे त्या गांधीला ठाऊक नसते. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवते, आणि 2003 मध्येही शिकवीत होते.

या शास्त्राचा आरंभ मात्र माणसाच्या हकिकतीतून झालेला आहे. 1921 मध्ये प्राउसनित्स आणि क्युस्टनर या दोन जर्मन डॉक्टरांनी जो प्रयोग केला, त्यात क्युस्टनरला शिजवलेला मासा सोसत नाही, हे त्याला स्वतःच्या अनुभवाने पक्के माहीत होते. त्याच्या रक्तातला द्रव प्राउसनित्सने स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि गांध उठली. रक्तातली ती अज्ञात वस्तू कोणती, हे कळायला 45 वर्षे लागली. 1966 मध्ये डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दाम्पत्याने ती शोधून काढली (आयजीई हे नाव तिला पुढे मिळाले), आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख हे दुसऱ्या वाटेने त्याच रेणूपाशी पोचले. या सगळ्यांनी आधी आजारी माणसाचे ऐकले आणि मग सुई उचलली. मी मात्र सुई आधी उचलली आणि ऐकायचे राहून गेले.

अज्ञानाची सबबही मला उपलब्ध नाही. कोळंबीची ॲलर्जी मुख्यतः ट्रोपोमायोसिन या स्नायूंतल्या प्रथिनामुळे होते, हे 1993 मध्ये ज्या शोधनिबंधाने दाखवले, त्याचे काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सुब्बा राव यांच्या गटाने अमेरिकी सहकाऱ्यांसह केले होते. म्हणजे ही विद्या मला साता समुद्रांपलीकडून आणायची नव्हती, ती घाटापलीकडेच होती. पुढच्या एक-दोन वर्षांत हेही दिसून आले की कोळंबी, झुरळ आणि घरधुळीतला माइट यांची ट्रोपोमायोसिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की एकीविरुद्ध बनलेले प्रतिपिंड दुसरीलाही चिकटते. माझ्या वहीतल्या त्या 2003 सालीच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धर्माज्ञेमुळे जन्मात कोळंबी न चाखलेल्या सनातनी ज्यूंपैकी ज्यांना माइटची ॲलर्जी होती, त्यांच्या रक्तातही कोळंबीविरुद्धचे आयजीई सापडले होते. चोडणच्या त्या मुलाच्या हातावरची 4 मिलिमीटरची गांध बहुधा सुंगटाची नव्हतीच. ती त्याच्या गादीतून आलेली होती.

आणि गादी हा तर माझाच विषय! माझी उमेदीची वर्षे गोव्यातल्या घरांच्या गाद्यांवरून धूळ ओढून घेण्यात, ती चाळण्यात आणि सूक्ष्मदर्शकाखाली माइट मोजण्यात गेली. एका माइटची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. तो माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो, पाणी पीत नाही, हवेतली आर्द्रता अंगात शोषून घेतो. दमा भडकावतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेचा कण, हे 1981 मध्ये सिद्ध झाले. पुस्तकांत वाचायचे की एक ग्रॅम धुळीत माइटचे प्रमुख ॲलर्जीकारक प्रथिन 2 मायक्रोग्रॅम असले की धोका सुरू होतो. पण हिवाळ्यात बंद घरे तापवून कोरडी करणाऱ्या देशांतल्या वैद्यांनी दिलेला "घर कोरडे ठेवा" हा सल्ला आमच्या चिरेबंदी घरांत कसा पाळायचा? इथे पावसाळ्यात हवेची आर्द्रता 80 टक्क्यांखाली क्वचित उतरते, गादीला चार महिने ऊन दिसत नाही आणि कपाटातल्या पट्ट्यालाही बुरशी येते. त्या धुळीतून मी निबंध लिहिले, त्यांवर बढत्या मिळाल्या. चुकीच्या पथ्याची नोंद कोणत्याही निबंधात नसते. पथ्य पाळणारा परत येत नाही आणि आपण त्याला बरा झालेला समजतो.

माझ्याकडे शोधकार्य करणाऱ्या मुलीला आज हे सगळे सांगितले. ती म्हणाली की आता ट्रोपोमायोसिनविरुद्धचे आयजीई वेगळे मोजता येते, तेव्हा असा घोटाळा होणार नाही. मी तिला विचारले की ते प्रतिपिंड माइटमुळे बनले की सुंगटामुळे, हे ते यंत्र सांगते का. ती गप्प राहिली, आणि मग वही काढून काहीतरी लिहू लागली. हुशार आहे.

त्याला फोन करून "आता खुशाल खा" असे सांगणे सोपे होते, पण तेही तितकेच बेजबाबदार ठरले असते. कोळंबीची खरी ॲलर्जी जीव घेऊ शकते, आणि वर्षानुवर्षे वर्ज्य केलेला पदार्थ एकदम घरी खायला सांगू नये. शंका मिटवायचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे आमच्या देखरेखीखाली, थोडे थोडे वाढवत, त्याला तो पदार्थ खायला घालणे. फोनवर त्याला मी आधी माझी चूक सांगितली आणि मग मार्ग. थोडा वेळ पलीकडून आवाज आला नाही. नंतर त्याने एवढेच विचारले, "श्रावण लागण्याआधी होईल?"

फोंडा, 18 जुलै

आज झाले.

मासेमारीबंदीचे दिवस असल्यामुळे समुद्राची सुंगटे नव्हती. मानशीवरची त्यानेच आणली. ती इथे आम्ही मिठाच्या पाण्यात उकडली, कारण ट्रोपोमायोसिन उष्णतेने नष्ट होत नाही आणि माणूस खातो ते शिजवलेलेच. आधी त्याची फुंकण्याची चाचणी घेतली; ती चांगली होती. ॲलर्जीची औषधे त्याने सांगितल्याप्रमाणे बंद ठेवली होती. ॲड्रेनालिनचे इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवले, हाताला शिरेतली सुई लावून ठेवली आणि पहिला घास दिला, नखाएवढा. 20 मिनिटे थांबलो. मग त्याच्या दुप्पट. प्रत्येक घासानंतर मी त्याचे ओठ, कातडी, छाती तपासत होते, आणि त्याची बायको दाराशी उभी राहून माझ्याकडे, त्याच्याकडे नव्हे, पाहत होती. शेवटी पूर्ण वाटी संपली. त्यानंतर दोन तास बसवून ठेवले. काहीही झाले नाही.

चव कशी लागली, असे मी विचारले, आणि विचारल्यावर वाटले की हा प्रश्न करण्याचा अधिकार मला नव्हता. तो म्हणाला, "आईच्या हातची आठवत होती, तशी नाही लागली. इथे नुसती उकडलेली ना." मग घाईने, मला वाईट वाटू नये म्हणून, "पण चांगली होती."

आई आता जेवण करीत नाही, हात थरथरतात, असे बायकोने सांगितले. दोन भांड्यांपैकी एक कधीच फुटून गेले.

ते गेल्यावर 2003 ची वही पुन्हा उघडली. जुनी ओळ खोडली नाही. तिच्याखाली आजची तारीख, दिलेल्या सुंगटांचे वजन, निकाल आणि सही घातली. कोरा रकाना त्याने सांगितलेल्या शब्दांत भरला: "आवडीने खात होतो." मुलीच्या गादीला घट्ट विणीची खोळ मिळाली आहे, फवारा सुरू झाल्यापासून पहाटेची धाप कमी आहे. तिची त्वचेची चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी ती काय खाते आणि खाल्ल्यावर काय होते, ते आजीकडून लिहून आणायला सांगितले आहे.