नवतप्याआधी कोठा, मृगाआधी लस: सांदवाडीतील बकऱ्या-कोंबड्यांची प्रगती-नोंद

आर्वी तालुक्यातील आमच्या घरामागच्या सांदवाडीत मोजक्या बेरारी बकऱ्या, त्यांची करडे आणि थोड्या देशी कोंबड्या, एवढाच माझा पसारा आहे. छंद म्हणून पाळल्या असल्याने नफ्यातोट्याचा हिशेब या नोंदीत नाही. फाल्गुनापासून मृगापर्यंत कोठ्यात जे बदल केले ते समछंदी मंडळींसाठी लिहितो, कारण आपल्याकडे पावसाळ्यात जनावरांवर आणि माणसांवर येणारी बहुतेक संकटे उन्हाळ्यातच अडवता येतात, असे माझे मत वर्षागणिक पक्के होत चालले आहे.

सर्वांत मोठे काम पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे झाले. कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी झाली की चुलीसाठी पऱ्हाटीचा ढीग घराच्या मागच्या भिंतीला टेकवून रचण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या ढिगात उंदीर, विंचू आणि त्यांच्यामागोमाग साप वस्तीला येतात. मी कोंबड्यांच्या खुराड्याला नवी जाळी लावायला घेतली, तेव्हा शेजारचे दादाजी कुंपणापलीकडून म्हणाले, “अरे भाऊ, थो पऱ्हाटीचा ढीग आंधी हालव, मंग जाळी लाव.” त्यांचे म्हणणे रास्त होते. ढीग आता घर आणि कोठा या दोहोंपासून दूर, कुंपणाच्या कोपऱ्यात, दगडांवर आडवे बल्ले टाकून जमिनीपासून उंच रचला आहे. ढेप (पेंड) आणि मका पोत्यांतून काढून झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवला असून खुराड्यातील सांडलेले दाणे दिवेलागणीपूर्वी झाडून घेतले जातात. फिनाईल किंवा कार्बोलिक ॲसिड शिंपडल्याने साप येत नाहीत, या समजावर मी पैसे घालवत नाही. उंदरांचे खाणे बंद करणे अधिक उपयोगी पडते.

जाळीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. बाजारात सहज मिळणाऱ्या षटकोनी डोळ्यांच्या जाळीतून पिलाचे डोके बाहेर येते आणि लहान साप सहज आत जातो. म्हणून खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावली आणि वर जुनीच ठेवली. जाळीचा तळ सरळ खाली न पुरता सुमारे एक फूट बाहेरच्या बाजूला आडवा वळवून मातीखाली दाबला आहे. मुंगूस किंवा रानमांजर जाळीला अगदी लागून उकरते. तेथे त्याच्या पंजाला पुन्हा जाळीच लागते आणि ते नाद सोडते. दाराच्या खालची फट मात्र अजून बोटभर आहे, तिला रबराची पट्टी लावायची राहिली आहे.

बकरी रात्री व्याली तर कोठ्यातच पथारी टाकणाऱ्यांसाठी एक आग्रहाची सूचना. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तो दंश पुष्कळदा जाणवतही नाही. सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळणे कठीण होते आणि पुढे श्वास अडतो. त्यामुळे बाज वापरावी, मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचावी आणि बॅटरी हाताशी ठेवावी. दंशाची नुसती शंका आली तरी चिरा देणे, घट्ट आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे जाणे यांत वेळ न दवडता, तो अवयव न हलवता, १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने ग्रामीण रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, म्हणून साप मारून सोबत नेण्याची गरज नसते.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा टिनाखालचा कोठा भट्टी होतो. छपराला बाहेरून चुन्याचा दाट हात दिला. छपरावर तुराट्या पसरण्याचा उपाय गार असला तरी आग आणि उंदीर या दोन कारणांनी तो मी टाळला. पश्चिमेला ओले तरट टांगतो, पण वारा खेळण्यासाठी वरती हातभर जागा मोकळी ठेवतो.

टिन, लोखंडी खांब आणि ओली जमीन एकत्र आली की विजेचा साधा बल्बही जीवघेणा ठरू शकतो. कोठ्याच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवून अर्थिंग नव्याने करून घेतले आहे. त्याचे चाचणीचे बटण दरमहा दाबून पाहावे. रानडुकरांसाठी वावराच्या तारेत घरचा करंट सोडणारे अजूनही आढळतात. तो गुन्हा आहे, आणि त्या तारेने गुराख्यांचेही जीव घेतले आहेत. सौर झटका मशीन क्षणिक झटका देते, तेच वापरावे.

चाऱ्याच्या बाबतीत मी आता थोडा हट्टी झालो आहे. फवारलेल्या कापसाच्या धुऱ्यावरचे (बांधावरचे) गवत बकऱ्यांना कापत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. माणसाची ही गत, तर धुऱ्यावर चरणाऱ्या बकरीचे काय होईल याचा विचार करावा. कीटकनाशके कुलपात, ढेपेपासून दूर ठेवली आहेत. रिकामे डबे पाण्यासाठी वापरू नयेत, कितीही धुतले तरी. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारीही विषारी असते, म्हणून त्या वावराकडे बकऱ्या वळवत नाही.

मृगाच्या तोंडावर आंत्रविषाराची लस टोचून घेतली. पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर हा रोग नेमका धष्टपुष्ट करडांना गाठतो आणि उपचाराला वेळच देत नाही. पहिल्यांदाच टोचलेल्या करडांना दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते, ती अजून बाकी आहे. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाची) लस आधीच झाली आहे. कोंबडीच्या पिलांना मानमोडीसाठी (राणीखेत रोगासाठी) पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात दिला. त्याच्या एका कुपीत बहुधा शंभर किंवा अधिक मात्रा असतात आणि कालवलेली लस फार वेळ टिकत नाही, त्यामुळे गल्लीतील चार घरांनी मिळून कुपी आणावी आणि बर्फाच्या थर्मासमधून न्यावी. जंतनाशक मात्र अंदाजाने देत नाही. लेंड्यांचा नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घेतो, आणि गाभण बकरी असेल तर ते आधी सांगतो, कारण अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीला देणे घातक ठरते.