आमची वाटचाल : सव्वादोन ग्रॅमचा धंदा

आमच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, धंदा बटणाएवढे छोटे सेल विकायचा नव्हताच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकच्या सराफ बाजारात एका पेढीच्या ओट्यावर त्यांनी काचेची पेटी मांडली, डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळं दुरुस्त करायला बसले. येणारी घड्याळं बहुतेक एचएमटीची, चावीची. सफाई, तेल, तुटलेली स्प्रिंग, फार तर नवा पट्टा. मग सेलवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ आलं. हळूहळू अण्णांच्या लक्षात आलं, की नव्या घड्याळात उघडून बसण्यासारखं फारसं उरलेलंच नाही, वर्ष-दोन वर्षांनी सेल तेवढा बदलायचा. हे काम त्यांना हलकं वाटायचं. "बल्ब बदलल्यासारखं," म्हणायचे. घर मात्र त्या बल्बवरच चालायला लागलं.

सेलची भानगड अशी, की एकाच मापाला चार नावं. कोणी ३७७ म्हणतं, कोणी एसआर६२६एसडब्ल्यू, स्वस्त मालावर एजी४ लिहिलेलं असतं. अण्णांनी एका लांबड्या वहीत तक्ता केला होता : कुठलं नाव कुठल्या नावाला चालतं. वरची तिन्ही नावं एकाच ओळीत. मापाने ते बरोबरच होतं. तिन्हींचा व्यास ६.८ मिलिमीटर, जाडी २.६. आमची पहिली मोठी चूक त्याच ओळीत होती.

एके दिवशी एक ताई घड्याळ घेऊन आल्या. लग्नातलं, सोनेरी, पाच-सहा महिन्यांपूर्वी मीच सेल टाकलेला. झाकण उघडलं तर आत पांढरट-हिरवा थर, सेल गळून सर्किट खाल्लेलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. घड्याळ काउंटरवर तसंच ठेवून त्या निघून गेल्या. मी टाकलेला सेल एजी४ होता, म्हणजे अल्कलाइन. त्या घड्याळाला सिल्व्हर ऑक्साइडच हवा होता.

तेव्हापासून वहीतल्या आकड्यांऐवजी मी आधी अक्षरं वाचायला शिकलो. पहिलं अक्षर आतल्या रसायनाचं असतं. एल म्हणजे अल्कलाइन, दीड व्होल्ट. एस म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्ट. सी म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइड, तीन व्होल्ट. पी म्हणजे झिंक-एअर, साधारण १.४. त्यामागचा आर म्हणजे फक्त गोल. शेवटच्या अक्षरांनाही अर्थ आहे : एसडब्ल्यू असेल तर सेल थोडा थोडा करंट वर्षानुवर्षं देणारा, साध्या काट्यांच्या घड्याळाचा. नुसतं डब्ल्यू असेल तर दिवा-अलार्म असलेल्या घड्याळाला झटक्यात जास्त करंट देऊ शकणारा. म्हणून ३७७ (एसडब्ल्यू) आणि ३७६ (डब्ल्यू) मापाने सारखे असले तरी आमच्याकडे दोन वेगळ्या डब्यांत असतात.

दुकानाचं खरं नशीब घड्याळाने नाही, व्हर्नियरने, म्हणजे कारखान्यात बारीक मापं घ्यायच्या साधनाने उघडलं. नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातले क्वालिटीवाले साहेब वैतागून आले होते. डिजिटल व्हर्नियरचा आकडा लुकलुकतोय, महिन्याभरापूर्वीच सेल बदललाय, आता नवा व्हर्नियर घ्यायचा का? आत एलआर४४ होता. मीटरवर लावला तर चांगला १.३ व्होल्ट दाखवत होता. सेल मेलेला नव्हताच, पण व्हर्नियरला तेवढ्यावर भागत नव्हतं. अल्कलाइनचा व्होल्टेज पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जातो, सिल्व्हरचा शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्यांना एसआर४४ दिला. माप तेच, ११.६ बाय ५.४, किंमत मात्र कितीतरी जास्त. भाव ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या, पण पुढल्या वेळी आले ते अख्ख्या डिपार्टमेंटची यादी घेऊन. स्वस्तातल्या बऱ्याच व्हर्नियरमध्ये बटण बंद केलं तरी फक्त डिस्प्ले बंद होतो, आतलं सर्किट सेल खातच राहतं, हेही त्यांना सांगितलं. पाळी संपली की सेल काढून ठेवायची सवय काही जणांनी लावून घेतली, बाकीच्यांनी नाही. आमचं त्यात नुकसान नव्हतं.

अंबड, मग सातपूर, मग सिन्नर असं गिऱ्हाईक वाढलं तसा माल ठोकमध्ये घ्यावा लागला, आणि तिथे एकदा फसलो. स्ट्रिपवर एसआर४४, बिलावर एसआर४४, पण कंपन्यांकडून तक्रारी एलआर४४ सारख्या. नवा सेल मीटरवर लावून काही कळत नाही, दोन्ही दीडच्या वर दाखवतात. शेजारच्या पेढीवरचे काका गंमतीने म्हणाले, "चांदी आहे ना आत? मग आण, वजन करू." गंमत राहिली बाजूला, त्यांच्या काट्यावर उत्तर मिळालं. खरा एसआर४४ सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरतो. आमच्या खोक्यातला एकही दोनच्या वर गेला नाही. अल्कलाइनवर नुसता छाप बदललेला. त्या व्यापाऱ्याने ना माल परत घेतला ना पैसे दिले. आता प्रत्येक नव्या खोक्यातले चार-पाच सेल आधी काट्यावर जातात. काकांनी काटा बदलला तेव्हा जुना आम्हीच घेतला.

एक चूक तर मापाच्या नादातच झाली. सीआर२०३२ संपला होता. कामावरच्या मुलाने विचार केला, सीआर२०१६ची जाडी १.६ मिलिमीटर, दोन एकावर एक ठेवले की बरोबर ३.२. बसलेही. पण तीन आणि तीन मिळून सहा व्होल्ट झाले आणि गिऱ्हाइकाचा स्वयंपाकघरातला वजनकाटा कायमचा गेला. भरपाई दिली. मुलाला रागावलो नाही, कारण काही रिमोटमध्ये खरंच दोन २०१६ एकावर एक असतात आणि त्याने ते आमच्याच दुकानात पाहिलं होतं. असाच धोका एलआयआर२०३२चा. तो लिथियम-आयनचा, चार्ज होणारा, पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. साध्या २०३२च्या जागी तो कोणी मागितला तर आम्ही देत नाही.

ऑगस्ट २०१६च्या पुरात गोदावरी सराफ बाजारात शिरली तेव्हा खालच्या दोन फळ्या पाण्यात गेल्या. पुसून सुकवल्यावर माल नव्यासारखा दिसत होता. तरी सगळा काढून टाकला. गढूळ पाण्यातून वीज वाहून सेल किती उतरलाय आणि पुढे कधी गळेल, हे बाहेरून कळत नाही. त्या वर्षीचा हिशेब इथे लिहीत नाही.

लहान मुलांच्या घरी वीस मिलिमीटरचा लिथियम सेल विकताना मी जरा जास्तच बोलतो, बायको म्हणते प्रवचन देतो. देतो. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजू शकतं. उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, थेट दवाखाना आणि एक्स-रे. संपलेल्या सेलनाही चिकटपट्टी लावून ते उंचावर ठेवा, कारण संपलेल्या सेलमध्येही भाजण्याइतका जोर उरलेला असतो.

कानाच्या मशीनचे सेल आम्ही उशिरा ठेवायला लागलो. झिंक-एअर हवेवर चालतो. स्टिकर काढला, मिनिटभर थांबलं, की सुरू, आणि मग मशीन लावा न लावा, तो उतरतच राहतो. पंचवटीतल्या एका आजींनी "सोयीचं पडेल" म्हणून सहाच्या सहा स्टिकर एकदम सोलले होते.

याच सेलमुळे अण्णा परत कामाला बसले. एक फोटोग्राफर जुना फिल्म कॅमेरा घेऊन आले. त्याच्या लाइटमीटरला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, जो आता मिळत नाही. दीडचा अल्कलाइन टाकला की मीटरला उजेड जास्त वाटतो आणि फोटो काळपट येतात. मी ६७५ नंबरचा झिंक-एअर सुचवला, १.४ व्होल्ट, बराच जवळ. पण पाऱ्याच्या सेलचा व्यास जवळपास सोळा मिलिमीटर आणि याचा साडेअकरा, आत खुळखुळायला लागला. अण्णा मागे बसून ऐकत होते. काही न बोलता उठले, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं घड्याळजीचं लेथ काढलं आणि दुपारभर बसून पितळेची कडी कातली, सेलच्या हवेच्या भोकांवर येणार नाही अशी.

ते फोटोग्राफर आता दर दोन-अडीच महिन्यांनी येतात. त्यांचा सेल अण्णाच बदलतात, मला हात लावू देत नाहीत. स्टिकर सोलतात, आणि भिंतीवरच्या चावीच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजतात.