कीन्समधला मटण चॉप आणि कार्डाचं बंद बटण

ऑक्टोबर 2023 मधली गोष्ट. न्यूयॉर्कच्या कीन्स स्टेकहाउसमध्ये आमचं जेवण झालं होतं, टेबलावर काळ्या फोल्डरमध्ये 264 डॉलरचं बिल होतं, समोर मामा बसले होते आणि माझं कार्ड चालत नव्हतं. त्या पन्नास मिनिटांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय. कीन्सबद्दलही लिहिणार आहे, कारण ते जेवण तेवढ्या मोलाचं होतं. पण तिथं किंवा परदेशात कुठंही कुणाला जेवायला नेणार असाल, तर आधी आपल्या बँकेचं ॲप उघडा आणि त्यातली बटणं एकेक करून बघा. बँकेच्या माणसानं तोंडी ‘चालू आहे’ म्हटलं तर त्यावर विसंबू नका.

आधी मामांविषयी सांगायला हवं. ते एडिसनला राहतात, न्यू जर्सीत. 1999 मध्ये मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ते नुकतेच तिकडं गेले होते, आणि पहिल्या वर्षाची फी त्यांनी पाठवली होती. त्याआधी कोल्हापुरात असताना दर रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात मला सोबत न्यायचे. पुठ्ठ्याचं किती, चापाचं किती, नळी दोन वेगळ्या, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकलो. कंपनीनं मला तीन आठवड्यांसाठी न्यू जर्सीला पाठवलं तेव्हाच मी ठरवलं होतं की मामांना न्यूयॉर्कमध्ये मटण खायला न्यायचं आणि पैसे मी द्यायचे. मामी मांसाहार करत नाहीत, त्यामुळे इतकी वर्षं एवढ्या जवळ राहूनही मामा कीन्सची पायरी चढले नव्हते.

कीन्स का, तर तिथं मटण मिळतं म्हणून. अमेरिकेत बीफची स्टेकहाउसं गल्लोगल्ली आहेत, पण मटण चॉपसाठी ओळखलं जाणारं जुनं ठिकाण म्हणजे हेच. 1885 पासून चालू आहे. पूर्वी हा भाग नाटकांच्या थिएटरांचा होता. अल्बर्ट कीन ज्या लॅम्ब्ज क्लबचं काम बघायचे तो नाटकवाल्यांचाच, आणि त्यातूनच त्यांनी हे हॉटेल काढलं. 1935 मध्ये तिथं दहा लाखावा मटण चॉप वाढला गेला. टेबल मी आठवडाभर आधी ठरवलं होतं, संध्याकाळी साडेसहाचं, त्यात काही अडचण आली नाही. एडिसनहून एनजे ट्रान्झिटची गाडी थेट पेन स्टेशनला येते, तिथून 36व्या रस्त्यापर्यंत चालतच जायचं.

आत गेल्यावर पहिल्यांदा मान वर होते. सगळ्या छताला मातीचे पाइप टांगलेले आहेत, एकाला एक लागून, पन्नास हजारांच्या वर. आपल्या चिलमीसारखीच माती, पण नळी हातभर लांब आणि पेन्सिलीएवढी बारीक. प्रवासात मोडतील म्हणून लोक आपला पाइप खानावळीतच ठेवून जायचे, अशी जुनी इंग्लिश पद्धत. इथं प्रत्येक पाइपाला नंबर असायचा, नोंदवही असायची आणि गिऱ्हाईक आलं की पोऱ्या त्याचा पाइप काढून द्यायचा. थिओडोर रूझवेल्ट, बेसबॉलवाला बेब रूथ, आइन्स्टाइन ही सगळी त्या वहीतली माणसं. न्यूयॉर्कच्या हॉटेलांत 2003 पासून धूम्रपान बंद आहे, त्यामुळे आता ते पाइप नुसते टांगलेले. इतक्या वर्षांच्या धुरानं छत आणि पाइप दोन्ही गुळाच्या रंगाचे झालेत. मामा बराच वेळ वरच बघत होते.

पूर्वी तिथं बायकांना प्रवेश नव्हता. लिली लँग्ट्री या नटीनं 1905 मध्ये खटला भरला आणि जिंकला, तेव्हापासून दार उघडलं. मामींना घरी फोनवर हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग मी पण येते पुढच्या वेळी, बटाटा तरी मिळेल. मिळतो, आणि चांगला मिळतो.

आता मटण चॉप. आपल्या मनात चाप म्हणजे बरगडीचा लहान तुकडा. हा तसा नाही. कमरेच्या दोन्ही बाजू मधल्या हाडासकट आडव्या कापलेल्या, वीतभर रुंद आणि चार बोटं जाड, दोन्हीकडं चरबीची झालर. मांस मेंढीचं, आणि खरं सांगायचं तर आता कोवळ्या मेंढीचं, ज्याला तिकडं लँब म्हणतात. म्हणजे आपलं बोकडाचं मटण डोक्यात ठेवून जाऊ नका. वास थोडा वेगळा, मऊपणा फार जास्त. मी मीडियम सांगितलं आणि तेच बरोबर ठरलं. आतून गुलाबी राहतं, पण आपल्या जिभेला कच्चं लागत नाही. मामांनी पहिला घास झालरीपाशी कापला, जिथं चरबी करपून कुरकुरीत झालेली असते, आणि डोळे मिटले. म्हणाले, "मीठ बरोबर हाय गड्या." कोल्हापूरचा माणूस मटणाबद्दल याहून मोठं बोलत नाही. सोबत पुदिन्याची गोड जेली येते, ती आम्ही बाजूला ठेवली. एक चॉप दोघांत पुरतो. आम्ही शिवाय एक स्टेक मागवला, तो निम्मा बांधून घ्यावा लागला.

पिण्याचं म्हणाल तर सिंगल मॉल्ट व्हिस्कीची यादी इतकी लांब आहे की वाचत बसलात तर जेवण गार होईल. दोनशेच्या वर प्रकार. ‘पेग’ म्हणून सांगू नका, कळत नाही. नुसती हवी असेल तर ‘नीट’ म्हणायचं, बर्फ हवा असेल तर ‘ऑन द रॉक्स’. कुठली घ्यावी कळत नसेल तर धुराची हवी की बिनधुराची एवढं वेटरला सांगा, तो निवडून देतो. आम्हाला त्यानं स्कॉटलंडच्या आयला बेटावरची दिली, धुरकट. त्या छताखाली ती शोभली. पासपोर्ट जवळ ठेवा. दारूसाठी वय 21 लागतं, आणि केस पिकलेले असले तरी ओळखपत्र मागणारे बार आहेत. माझा पासपोर्ट त्या दिवशी वेगळ्याच कामाला आला.

बिल आलं तेव्हा आठ पन्नास झाले होते. वेटर कार्ड घेऊन गेला आणि परत आला. नाकारलंय, म्हणाला, दुसरं आहे का? मी परत प्रयत्न करायला सांगितलं. पुन्हा तेच. दुसरं कार्ड मी हॉटेलवर सोडून आलो होतो आणि खिशात रोख सत्तर डॉलर. मामांनी शर्टाच्या खिशातून स्वतःचं कार्ड काढलं. "असू दे की रं, मी देतो." मी म्हटलं, "मामा, आज नको." त्यांनी माझ्याकडं बघितलं, कार्ड परत खिशात घातलं आणि कॉफी मागवली. नंतर एकदाही विषय काढला नाही.

भारतात तेव्हा सकाळचे सहा वीस. कार्डाच्या मागं छापलेला 1800 चा नंबर लावला, लागलाच नाही. हे मला तोवर माहीत नव्हतं: टोल फ्री नंबर परदेशातून बहुतेक लागत नाहीत. त्यासाठी बँकेचा वेगळा, +91 नं सुरू होणारा नंबर असतो, आणि तो माझ्या कार्डावर छापलेलाच नव्हता. मामांच्या फोनवर वेबसाइट उघडून शोधला. तिथंही तळाला, बारीक अक्षरात. तो निघण्यापूर्वीच कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

फोन लागला. भाषा निवडा, कार्डाचे शेवटचे चार आकडे, जन्मतारीख, मग संगीत. बारा मिनिटांनी एक मुलगी आली. तिनं तपासलं आणि म्हणाली, "सर, तुमचं इंटरनॅशनल चालू आहे, हॉटेलवाल्याच्या मशिनचा प्रॉब्लेम असेल." मी वेटरला सांगितलं, त्या बिचाऱ्यानं दुसरं मशिन आणलं. नाकारलं. पुन्हा फोन, पुन्हा चार आकडे, जन्मतारीख, संगीत. या वेळी एक मुलगा. त्याचंही तेच: "चालू दिसतंय सर." आजूबाजूच्या टेबलांवर दुसरी माणसं येऊन बसली होती. मला घाम फुटला होता. मामांची कॉफी संपत आली होती.

मग मी त्याला विचारलं, चालू म्हणजे नेमकं काय चालू? तेव्हा तो थांबला, आणि मग सांगितलं. ‘ऑनलाइन’ चालू आहे, ‘पीओएस’ बंद आहे. म्हणजे इंटरनेटवर परदेशी खरेदी चालेल, पण दुकानात किंवा हॉटेलात कार्ड मशिनला लावलं तर चालणार नाही. मी निघण्यापूर्वी ऑनलाइन हॉटेल बुक करताना ते एक बटण चालू केलं होतं आणि काम झालं समजून बसलो होतो.

यामागचा नियम रिझर्व्ह बँकेचा आहे. 2020 पासून नवं कार्ड फक्त देशात आणि फक्त एटीएम-पीओएसला चालू करून देतात. परदेशातला वापर, ऑनलाइन वापर, टॅप करून पैसे देणं हे सगळं आपण वेगवेगळं चालू करायचं आणि प्रत्येकाची मर्यादाही आपण ठरवायची. नियम चांगला आहे, चोरीला आळा बसतो. माझा राग आहे तो दोन वेळा ‘चालू आहे’ म्हणून सांगितलं गेलं त्यावर. समोरच्या पडद्यावर चार रकाने दिसत असताना एकाकडं बघून उत्तर द्यायचं, हे मला पटत नाही.

बरं, मग करून द्या चालू. नाही. "ते तुम्हाला ॲपमधूनच करावं लागेल सर." आणि ॲप उघडेना, कारण नोंदवलेल्या नंबरचं सिम फोनमध्ये हवं आणि माझ्या फोनमध्ये अमेरिकन सिम होतं. आपलं सिम कुठं? पासपोर्टच्या पाकिटात, लहान प्लॅस्टिकच्या पिशवीत, देवाची कृपा. सिमचा खण उघडायला पिन नव्हती. वेटरनं न मागता कागद लावायची क्लिप आणून दिली. मी ती सरळ केली, टोचली, खण बाहेर आला आणि नखाएवढं सिम पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडलं, थेट मिठाच्या डबीच्या मागं. मामांनी चष्मा वर करून शोधून दिलं.

आपलं सिम घातलं, इंटरनेट मामांच्या फोनवरून घेतलं. ॲपला सिम दिसलं, ॲप उघडलं. कार्ड, मग सेटिंग, मग आंतरराष्ट्रीय, आणि तिथं चार बटणं एकाखाली एक. एक हिरवं, तीन राखाडी. दुसरं दाबलं, एमपिन घातला, हिरवं झालं. त्याखाली मर्यादेचा रकाना होता, दहा हजार रुपये. बिल बावीस हजारांच्या आसपास. तो आकडा मला त्या मुलानं सांगितलाच नव्हता, माझ्याच नजरेस पडला. पन्नास हजार केले. वेटरला खूण केली. तो कार्ड घेऊन गेला, मी दाराकडं बघत राहिलो. या वेळी तो दोन पावत्या आणि पेन घेऊन आला. मामा हसले. मला काही बोलता येईना.

पावतीबद्दल दोन गोष्टी. तिकडं पिन मागत नाहीत, आधी मूळ बिल कापतात आणि मग पावतीवर टीप आणि एकूण रक्कम आपण हातानं लिहून सही करायची. त्यामुळे बँकेचा पहिला मेसेज कमी रकमेचा येतो आणि दोन दिवसांनी आकडा वाढतो, घाबरू नका, पण आपली प्रत जपून ठेवा. न्यूयॉर्क शहरात जेवणावर 8.875 टक्के कर लागतो. त्याची दुप्पट केली की साधारण पावणेअठरा टक्के टीप होते, त्याहून खाली जाऊ नये, वीस टक्के रीतीचं. मी साठ डॉलर लिहिले. ज्या माणसानं पन्नास मिनिटं टेबल अडवून ठेवू दिलं, तोंड वाकडं केलं नाही आणि वर क्लिप आणून दिली, त्याला ते कमीच. आणि मशिननं रुपयांत कापू की डॉलरमध्ये असं विचारलं तर डॉलरच निवडा. रुपयांत त्यांचा भाव महाग पडतो. माझी बँक परकी चलनाचे साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावते, तेवढं धरून चाला.

घरी परतल्यावर मी बँकेला लेखी तक्रार केली: दोन वेळा चुकीचं सांगितलं, कार्डावर परदेशातून लागणारा नंबर नाही, मर्यादेबद्दल कुणी बोललं नाही. उत्तर आलं की तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कशी, ते लिहिलेलं नव्हतं. मी दुसऱ्यांदा लिहिलं आहे.

त्या रात्री पेन स्टेशनवर दहाच्या पुढची गाडी मिळाली. मामांच्या मांडीवर बांधून घेतलेला डबा होता. त्यात उरलेला स्टेक आणि चॉपचं ते मधलं हाड, त्यांनी वेटरला मुद्दाम सांगून घेतलेलं. रविवारी मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा ते हाड आलं-लसूण घालून कुकरमध्ये होतं आणि मामा गॅसपाशी उभं राहून नारळाचं दूध काढत होते.