माझा अनुभव: सर्व्हरला दोन नवे प्रोसेसर टाकले आणि स्टॉक रिपोर्ट आणखी हळू झाला

मी भुसावळचा. सर्व्हर, नेटवर्क, सीसीटीव्ही अशी मिळतील ती कामं घेतो, जास्त गिऱ्हाईक जळगाव एमआयडीसीतलं, म्हणजे दाल मिलवाले, चटईवाले, पाइपवाले. त्यातल्याच एका दाल मिलच्या शेठचा एप्रिलात फोन आला, "भो, दोन-दोन नवे प्रोसेसर टाकले, रोख पैसे मोजले, अन् रिपोर्ट पहिल्यापेक्षा बी हळू निघून राह्यला, हे काय लफडं आहे?" प्रोसेसर बदलून फरक पडला नाही असं मी पुष्कळ ठिकाणी बघितलंय, त्यात नवल काही नाही, पण उलटा हळू झाला म्हणल्यावर मला पण बघायची खाज सुटली.

आधी काय होतं ते सांगतो. दोन सॉकेटचा (म्हणजे प्रोसेसर बसवायच्या दोन जागांचा) रॅक सर्व्हर, त्यात इंटेलचा एकच प्रोसेसर झिऑन ई५-२६२० व्ही३, म्हणजे २०१४ च्या पिढीतला सहा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला स्वतंत्र काम करणारा एकेक भाग). १६ जीबीच्या दोन रॅम, १० हजार आरपीएमच्या (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) तीन सॅस हार्ड डिस्क रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशा जोडणीत, वर विंडोज सर्व्हर २०१६ आणि एसक्यूएल सर्व्हर २०१६ (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर). त्यावर मिलचं सॉफ्टवेअर: वजनकाटा, गेटपास, तूर-हरभऱ्याची आवक, डाळ किती निघाली, चुनी-भुसा किती निघाला, पार्टीचं खातं, सगळं एकाच डेटाबेसमध्ये. मुनीमजी रोज दुपारी स्टॉक आणि उताऱ्याचा रिपोर्ट काढायचे, त्याला पाऊण तास लागायचा, आणि तेवढ्या वेळात काट्यावरची एंट्री पण अडकायची. हरभऱ्याच्या सीझनला गाड्या गेटबाहेर रस्त्यापर्यंत उभ्या, ड्रायव्हर शिव्या घालताहेत, म्हणून शेठनं हार्डवेअरवाल्याला बोलावलं. त्यानं कोटेशन दिलं दोन ई५-२६८० व्ही४ चं, प्रत्येकी १४ कोअर. सॉकेट तोच, बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं की व्ही३ च्या जागी व्ही४ बसतो, हे त्याचं बरोबर होतं आणि बसवले पण नीट होते. सहाचे अठ्ठावीस कोअर झाले म्हणजे काम चौपट फास्ट, असं त्यानं सांगितलं आणि शेठला ते पटलं, कारण हिशेब ऐकायला सोपा आहे.

मी गेलो तेव्हा टास्क मॅनेजर उघडून ठेवलेलाच होता, विक्रेत्यानं दाखवायला म्हणून. हायपरथ्रेडिंग (एक कोअर विंडोजला दोन दिसतो) धरून छप्पन चौकोन. मुनीमजींना म्हणलं रिपोर्ट चालू करा. त्यांनी केला आणि आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो, तर छप्पनपैकी एखाद्या चौकोनात रेघ वर जायची, मग ती खाली येऊन दुसऱ्यात जायची, बाकी सगळे सपाट. एकूण सीपीयू दोन टक्के. मुनीमजी म्हणे, "दोनच टक्के म्हणजे चांगलंच ना, लोड नाही सर्व्हरवर." मी म्हणलं मुनीमजी, लोड नाही आणि तरी तुम्ही पाऊण तासाच्या वर बसताय, तर सर्व्हर मग वाट कोणाची बघतोय ते शोधायला लागेल.

आता हे दोन टक्के कसे ते बघा. एका क्वेरीचं (डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नाचं) काम एकाच कोअरवर चाललं तर छप्पनमधला एक चौकोन म्हणजे पावणेदोन टक्के, संपला विषय. आणि त्या एका कोअरचा वेग किती? जुन्या २६२० व्ही३ चा बेस (नेहमीचा वेग) २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो (जमेल तेव्हा मिळणारा जास्तीचा वेग) ३.२. नव्या २६८० व्ही४ चा बेस तोच २.४, टर्बो ३.३. पिढी बदलली म्हणून त्याच वेगाला जे जास्त काम होतं ते धरा पाचेक टक्के. म्हणजे सगळं मनासारखं जुळून आलं तरी एकेरी कामाला आठ-दहा टक्क्यांच्या वर फायदा निघणारच नव्हता, आणि हे इंटेलच्या वेबसाइटवर फुकटात वाचायला मिळतं. एक कोअर फास्ट पाहिजे असेल तर त्याच पिढीत कमी कोअरचे पण जास्त गिगाहर्ट्झचे मॉडेल होते, उदाहरणार्थ २६६७ व्ही४, आठ कोअर, बेस ३.२. पण कोटेशनवर "१४ कोअर" लिहिलेलं दिसायला भारी दिसतं.

मग मी एसक्यूएल सर्व्हरचा एरर लॉग उघडला. नाव एरर लॉग असलं तरी सर्व्हिस सुरू होताना ती तिथं आपली जन्मकुंडली लिहून ठेवते, आणि अशा केसमध्ये मी पहिल्यांदा तेच बघतो. त्यात सरळ लिहिलेलं: दोन सॉकेट सापडले, प्रत्येकात १४ कोअर, एकूण ५६ लॉजिकल प्रोसेसर, आणि लायसन्सप्रमाणे त्यातले ८ वापरतोय. आठ! म्हणजे चार कोअर. कारण एडिशन होती एक्स्प्रेस, फुकटवाली. एक्स्प्रेसला एक सॉकेट किंवा चार कोअर, जे कमी असेल तेवढंच मिळतं. आणि एवढ्यावर थांबत नाही, एक क्वेरी अनेक कोअरवर वाटून चालवायची सोयच एक्स्प्रेसमध्ये नाही. जुना सहा कोअरचा होता तेव्हा पण दोन कोअर रिकामेच बसत होते, आता चोवीस बसले. दुसऱ्या सॉकेटमधला अख्खा प्रोसेसर डेटाबेससाठी नुसता हीटर होता, आणि तो पण जळगावात, एप्रिलात.

एक्स्प्रेसची खरी मेख मात्र कोअरची नाहीच, मेमरीची आहे. डेटा पेज धरून ठेवायला, म्हणजे बफर पूलला, तिला १४१० एमबीच मिळतात. सर्व्हरमध्ये ३२ जीबी रॅम असू दे नाहीतर ३२० जीबी. यांचा डेटाबेस आठ जीबीच्या पुढं गेलेला (२०१६ च्या एक्स्प्रेसमध्ये दहाला तसाही गेट बंद होतो), आणि हा रिपोर्ट दोन-तीन वर्षांच्या आवकेवरून फिरायचा. दीड जीबीत न मावणारा डेटा आत घे, आधीचा बाहेर टाक, परत आत घे, असं पाऊण तास चालायचं. वेट स्टॅट्स (कशासाठी किती थांबावं लागलं त्याच्या नोंदी) काढल्या तर सगळ्यात वर पेज आयओ लॅच, म्हणजे क्वेरी डिस्कवरून पान यायची वाट बघत उभी. १० हजार आरपीएमची डिस्क एक फेरी सहा मिलिसेकंदात मारते, पाहिजे तो सेक्टर खाली यायला सरासरी तीन, वर हेड हलायला तीन-चार, म्हणजे एका डिस्ककडून सेकंदाला दीडशेच्या आत रीड. प्रोसेसरच्या हिशेबात सात मिलिसेकंद म्हणजे दोन कोटींच्या वर क्लॉक सायकल नुसत्या बसून काढायच्या, मग तो २०१४ चा असो का कालचा.

साधारण बघता वेळेचे तीन भाग केले तर दोन भाग डिस्कची वाट आणि एक भाग खरं सीपीयूचं काम, कारण सॉफ्टवेअरवाल्यानं रिपोर्टमध्ये एकेक ओळ उचलून लूप फिरवलेला. जीन अ‍ॅमडालनं १९६७ सालीच मांडून ठेवलंय की कामाच्या ज्या भागाला तुम्ही हातच लावला नाही तो भाग तुमच्या सुधारणेची मर्यादा ठरवतो. पाऊण तासातला सीपीयूचा पाव तास जादूनं शून्य केला तरी अर्धा तास शिल्लकच.

हे झालं फास्ट का नाही झाला त्याचं. हळू का झाला ते अजून राहिलं होतं, आणि शेठला उत्तर त्याचंच पाहिजे होतं.

सर्व्हर बंद करून झाकण काढलं. सर्व्हरची खोली मिलच्या वरच्या माळ्यावर, खाली चाळण्या आणि पॉलिशर चालू, त्यामुळे हीटसिंकच्या पात्यांमध्ये पिवळट पिठूळ थर, बोटानं ओढला तर नीट पट्टी निघाली, तुरीच्या डाळीची भुकटी आणि टरफलाचा बारीक भुसा. ब्लोअर मारला तर खोलीभर वरणाचा वास सुटला. जुना प्रोसेसर ८५ वॅटचा एक, नवे १२० वॅटचे दोन, पंखे तेच, हवा जायची वाट बुजलेली, एसी एक टनाचा आणि त्याचा कॉम्प्रेसर दुपारी ट्रिप व्हायचा. मॅनेजमेंट पेजवरच्या नोंदी बघितल्या तर दुपारी दोन ते पाच तापमानाच्या वॉर्निंग ओळीनं, आणि मुनीमजी रिपोर्ट काढायचे तीन वाजता. गरम झाला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो, त्यात त्याची चूक काही नाही.

दुसरी गोष्ट रॅमची. या प्रोसेसरला मेमरीचे चार-चार चॅनल, म्हणजे रॅमकडं जायचे रस्ते, असतात. आधी दोन्ही रॅम एकाच प्रोसेसरच्या दोन चॅनलवर होत्या. आता प्रोसेसर दोन झाले, दुसऱ्याला त्याची स्वतःची रॅम लागते, नवीन रॅम कोटेशनमध्ये नव्हतीच, मग विक्रेत्याच्या माणसानं असलेल्या दोनमधली एक उचलून तिकडं लावली. म्हणजे प्रत्येकाला चारपैकी एकच चॅनल, २१३३ च्या रॅमला तो सेकंदाला साधारण १७ जीबी देतो, आणि निम्मी मेमरी शेजारच्या प्रोसेसरमधून वळसा घालून वापरायची.

तिसरी गोष्ट, बायोस अपडेट करताना सेटिंग डिफॉल्टला गेलेलं, पॉवर प्रोफाइल वीज वाचवायचं, आणि विंडोजमध्ये पण बॅलन्स्ड प्लॅन, जो विंडोज सर्व्हरमध्ये मुळातच तसा येतो. लूपवालं काम एका कोअरवर थोडं चालतं, डिस्कसाठी थांबतं, परत चालतं, तेवढ्या थांब्यात कोअर पेंगायला लागतो आणि परत वेग घ्यायला वेळ खातो. बायोस आणि विंडोज दोन्हीकडे हाय परफॉर्मन्स केलं, भुकटी काढलेली होतीच, आणि सकाळच्या थंडाव्यात रिपोर्ट लावला तर गाडी परत जुन्या पाऊण तासावर आली. एक रुपया खर्च न करता. शेठ काही फार खूश दिसले नाहीत, कारण नवे प्रोसेसर घेऊन आपण जुन्याच जागी आलो हे त्यांना लगेच कळलं.

लायसन्स, बफर पूल असलं त्यांना सांगून उपयोग नव्हता, म्हणून त्यांना गॅलरीत नेलं, खाली काट्यावर गाड्यांची लाइन होती. म्हणलं शेठ, आता हमाल सहाचे अठ्ठावीस केले तर ही लाइन हटेल का? ते म्हणे, "हमालाचं काय काम तिथं, काटा एकच आहे." बस, म्हणलं, तुमच्या सर्व्हरचा काटा म्हणजे डिस्क आणि ते फुकटचं एडिशन.

पुढची कामं क्रमानं झाली असं नाही, ज्याला वेळ मिळाला ते आधी. दुसरा प्रोसेसर काढून टाकला. काढायच्या आधी बघून घ्या हां, काही सर्व्हरमध्ये काही पीसीआयई स्लॉट (कार्ड लावायच्या खाचा) दुसऱ्या सॉकेटला जोडलेले असतात, तिथं नेटवर्क कार्ड किंवा रेड कार्ड असेल तर तेच बंद पडेल. आमचं पहिल्यावरच होतं. रिकाम्या सॉकेटवर ब्लँक, म्हणजे जागा भरायचं झाकण, बसवला, नाहीतर हवा भलतीकडून जाते. दोन रॅमच्या जोडीला तशाच आणखी दोन घेतल्या, चारही चॅनल भरले. डिस्कच्या जागी एंटरप्राइजच्या एसएसडी, रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हीकडं तीच प्रत. रेड ५ ला छोटी एंट्री लिहायची म्हणजे दोन रीड आणि दोन राइट, आणि काट्यावर दिवसभर छोट्याच एंट्री होतात, त्यामुळे तो प्रकार मला पहिल्यापासून नको होता.

सॉफ्टवेअरवाल्यानं आधी हात वर केले, आमचं सॉफ्टवेअर सगळीकडं नीट चालतं म्हणे. मी त्याला क्वेरीचा प्लॅन काढून पाठवला, आवकेच्या टेबलवर पार्टी आणि तारखेचा इंडेक्सच (पुस्तकामागच्या सूचीसारखी सोय) नाही, दर वेळी अख्खं टेबल वाचलं जातंय. त्यानं तोंडानं काही कबूल केलं नाही पण पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप इंडेक्स आला. इंडेक्स आणि एसएसडी मिळून रिपोर्ट दहा-बारा मिनिटांवर आला आणि काट्यावरची एंट्री अडकायची थांबली.

एसक्यूएलचं स्टँडर्ड, म्हणजे पैसे देऊन मिळणारं एडिशन, घ्यायचं का यावर मात्र बरेच दिवस खल चालला. आणि इथं त्या प्रोसेसरची आणखी एक गंमत कळली. कोअरप्रमाणे लायसन्स घेतलं तर सर्व्हरमधले सगळे फिजिकल कोअर मोजून पैसे भरायला लागतात, दोन्ही प्रोसेसर असते तर अठ्ठावीस, आणि २०१६ चं स्टँडर्ड त्यातले वापरणार जास्तीत जास्त चोवीस. विंडोज सर्व्हर २०१६ चं पण तसंच, सोळा कोअरपर्यंत मूळ लायसन्स चालतं, वरच्या बारा कोअरचं वेगळं घ्यायला लागलं असतं, ते घेतलेलंच नव्हतं. आम्ही स्टँडर्ड घेतलं सर्व्हर अधिक कॅल (वापरणाऱ्यामागं एकेक लायसन्स) पद्धतीनं, त्यात कोअर मोजत नाहीत, वापरणारी माणसं मोजतात, आणि मिलमध्ये सॉफ्टवेअरवर बसणारी माणसं पंधराच्या आत. स्टँडर्ड लागल्यावर आठ जीबीचा डेटाबेस अख्खा रॅममध्ये बसला. आता मुनीमजी रिपोर्ट लावतात आणि चहा अर्धा होईपर्यंत प्रिंटर सुरू होतो.

प्रोसेसर बदलून कधीच फायदा नाही असं माझं म्हणणं नाही. भुसावळच्याच एकाकडं एका सर्व्हरवर सात-आठ व्हर्च्युअल मशीन चालतात, सगळे कोअर दिवसभर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर, तिथं हेच चौदा कोअरवाले टाकले तर पहिल्या दिवशी फरक दिसला. तिथं टास्क मॅनेजरच सांगत होता की सीपीयू कमी पडतोय. इथं तो ओरडून उलटं सांगत होता.

काढलेला दुसरा प्रोसेसर विक्रेत्यानं आधी परत घ्यायला नकार दिला, माल वापरला गेला म्हणे. शेठनं त्याला त्याच्याच कोटेशनवरचं "काम चौपट फास्ट" दाखवलं आणि रॅम आणि एसएसडीची ऑर्डर त्यालाच देतो म्हणून सांगितलं. मग क्रेडिट नोट निघाली, पूर्ण रकमेची नाही, पण चार रॅममधल्या नव्या दोन त्यात निघाल्या.