जुना प्रोसेसर आणि इंदूरचा मे महिना

माझ्या कॉम्प्युटरमध्ये अजून २०११ सालचा इंटेलचा आय५-२४०० प्रोसेसर आहे. टॅली, जीएसटीचे रिटर्न आणि बाबांची नाट्यगीतं एवढ्याला तो पुरून उरतो. यंदा मात्र उन्हाळा लागला तसा दुपारी पंखा भणाणायला लागला आणि टॅलीत रिपोर्ट काढताना मशीन अडखळू लागलं. कोअर टेम्प या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिलं तर नुसतं बसून ५८ अंश आणि कामाला जुंपलं की ९६. इतका तापला की हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, अडखळणं त्याचंच.

सिल्व्हर मॉल या इंदूरच्या कॉम्प्युटर बाजारात विचारलं तर उत्तर ठरलेलं: "भिया, अब इसमें दम नहीं रहा, नया ले लो." मी थर्मल पेस्टची (प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूच्या ठोकळ्याला, म्हणजे हीटसिंकला, पोचवणारी) ट्यूब तेवढी घेतली आणि दवा बाजारातून आयसोप्रोपिल अल्कोहोल.

उघडण्याआधी मशीन थोडं चालवून घेतलं, म्हणजे वाळलेली पेस्ट जरा सैल होते. मग वायर काढून कॅबिनेट आडवं केलं. पंख्याखाली हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा नमदाच बसला होता. ब्रशला दाद देईना, शेवटी चिमट्याने सोलून काढला. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, उलटसुलट गरगरू देऊ नये.

पण खरं दुखणं हीटसिंक काढल्यावर दिसलं. तीन कोपऱ्यांत पेस्ट दाबली जाऊन पातळ झालेली, आणि रॅमकडच्या कोपऱ्यात खडूसारखा जाड पांढरा थर तसाच. म्हणजे हीटसिंक बोर्डाला धरून ठेवणारी तिथली प्लास्टिकची पिन बसलेलीच नव्हती, हीटसिंक एका बाजूने उचललेला होता. नवा पंखा लावूनही काही फरक पडला नसता.

या पिढीत प्रोसेसरच्या झाकणाखाली चिपला जोडणारं धातूचं सोल्डर आहे, त्यामुळे फक्त वरची पेस्ट बदलायची. २०१२ च्या पिढीपासून पुढची काही वर्षं इंटेलने बहुतेक प्रोसेसरांत आतही पेस्टच घातली, तिथे वरून कितीही करा, मर्यादा येते. अल्कोहोलने पुसून मधोमध नव्या पेस्टचा मटारच्या दाण्याहून लहान थेंब ठेवला; पसरवायचं काम हीटसिंकच्या दाबावर सोडलं. पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या, तिरक्या जोडीने दाबल्या. नुसत्या 'टक' आवाजावर विसंबू नये. बोर्डाच्या मागून बॅटरी मारून पाहावं: चारही ठिकाणी पांढरे पाय फाकलेले आणि मध्ये काळी पिन दिसली, की बसलं.

आता खोलीत ३६ अंश असताना कामाच्या वेळी ७१ दाखवतं. हवेच्या हीटसिंकने खोलीच्या खाली जाता येत नाही, तेव्हा मे महिन्यात नुसता आकडा न बघता खोलीपेक्षा किती जास्त ते बघावं. आधी ६० जास्त होतं, आता ३५.

कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातूनही बाहेर काढलं, तिथे तीच गरम हवा फिरत होती. बाजूचं झाकण उघडंच ठेव, असं भाऊ म्हणतो. पण आमच्या घरात मांजर आहे.