प्रोटॉनचं चिन्ह उलटं आलं तेव्हा

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात प्रकल्पासाठी मी विषय घेतला तो क्वार्क मॉडेलने बॅरिऑनचे, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या तीन क्वार्कांच्या कणांचे, गुणधर्म काढण्याचा. क्वार्क हे त्यांच्या आतले मूलकण. काम एप्रिल-मे महिन्यांत करायचं होतं, आणि पावसजवळच्या आमच्या घरी हे दोन महिने हापूसचे. ओटीवर अढी, खळ्यात पेट्या, पडवीत सुकत घातलेली काजूबी. त्याच पडवीच्या कोपऱ्यात मला बसायला जागा मिळाली.

सरांनी सांगितलं होतं, "आधी प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची मॅग्नेटिक मोमेंट हाताने काढ. कॉम्प्युटरला नंतर हात लाव." मॅग्नेटिक मोमेंट म्हणजे कण किती जोराचा चुंबक आहे आणि कोणत्या दिशेचा, त्याचं माप. मला ते एका संध्याकाळचं काम वाटलं. प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाउन क्वार्क, न्यूट्रॉनमध्ये दोन डाउन आणि एक अप. अपचा विद्युतभार अधिक दोन-तृतीयांश, डाउनचा उणे एक-तृतीयांश. दोघांचं वस्तुमान जवळपास सारखं धरलं, की अपची मोमेंट डाउनच्या दुप्पट आणि उलट चिन्हाची. राहिले स्पिन, म्हणजे कणाच्या अंगच्या फिरकीची दिशा, वर किंवा खाली. बारावीपासून अणूत इलेक्ट्रॉन भरत आलेला हात. सारखे दोन कण दिसले की एक वर, एक खाली. तसंच केलं. दोन्ही अपनी एकमेकांची मोमेंट खोडली, उरला एकटा डाउन, आणि प्रोटॉनचं उत्तर आलं उणे.

मोजलेली किंमत आहे अधिक २.७९ न्यूक्लियर मॅग्नेटॉन (हे अशा मोमेंटचं एकक). १९३३ मध्ये ऑटो स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पहिल्यांदा मोजली, तेव्हाच ती अपेक्षेपेक्षा, म्हणजे १ पेक्षा, कितीतरी मोठी आली होती; प्रोटॉन हा साधा बिंदू नाही, याची ती खूण. न्यूट्रॉनची किंमत उणे १.९१. माझ्या वहीत दोघांचीही चिन्हं उलटी होती, आणि न्यूट्रॉनला प्रोटॉनने भागल्यावर येत होतं उणे २. प्रयोगात ते गुणोत्तर उणे ०.६८५ आहे.

तीन दिवस मी चिन्ह कुठे सुटलं ते शोधत होते. दुपारी पेट्या भरायला हात लावायचा, रात्री पुन्हा तीच पानं. शेवटी सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गणित बरोबर आहे तुझं. ज्यावर उभं केलंस ते चुकलंय. डेल्टा डबल प्लस आठव."

डेल्टा डबल प्लस हाही एक बॅरिऑन. त्यात तीन अप असतात आणि तिघांचेही स्पिन एकाच दिशेला. सारखेच कण, सारखीच अवस्था. इलेक्ट्रॉन किंवा क्वार्क यांच्यातले दोन सारखे कण एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, या पाउलीच्या नियमाप्रमाणे असा कण असूच नये, पण तो आहे, १२३२ एमईव्ही (कणांच्या वस्तुमानाचं एकक) वस्तुमानाचा. क्वार्कची कल्पना गेल-मान आणि झ्वाइग यांनी १९६४ मध्ये मांडली आणि त्याच वर्षी ग्रीनबर्ग यांनी ही अडचण ओळखून क्वार्कला आणखी एक गुण असला पाहिजे असं सुचवलं. तोच पुढे 'रंग' म्हणून ओळखला जाऊ लागला. पाउलीच्या नियमाने दोन क्वार्कांची अदलाबदल केली की तरंगफलनाचं, म्हणजे कणाच्या अवस्थेच्या गणिती वर्णनाचं, चिन्ह बदललं पाहिजे; ते काम रंग एकटाच करून टाकतो. मग उरलेलं सगळं, म्हणजे स्पिन आणि क्वार्कचा प्रकार मिळून, अदलाबदलीत जसंच्या तसं राहिलं पाहिजे. म्हणजे प्रोटॉनमधले दोन अप एकमेकांना खोडत नाहीत. त्यांचे स्पिन जुळून १ होतात. पुस्तकात मी रंगाचं प्रकरण वाचलं होतं, पण माझ्या वहीतल्या उणे चिन्हाशी त्याचा संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

आता प्रोटॉनचं पूर्ण तरंगफलन लिहायचं होतं, आणि कागदावर माझी एक ना एक मांडणी सुटत होती. म्हणून सुकत घातलेल्यातल्या सत्तावीस काजूबिया घेतल्या. खडूची रेघ असलेली ती अप, बिनरेघेची ती डाउन. बोंडूला चिकटलेलं टोक वर म्हणजे स्पिन वर. आजी बघून म्हणाली, "काय गो, भाजायच्या बिया त्या, खडू कसला फासतेस?" पण तिने उचलू दिल्या.

तीन-तीनच्या नऊ ओळी झाल्या. तीन ओळींत दोन्ही अप वर आणि डाउन खाली. यांचा सहगुणक २. सहा ओळींत एक अप वर, एक खाली आणि डाउन वर. यांचा उणे १. वर्गांची बेरीज, तीन चोक बारा आणि सहा, अठरा. म्हणजे दोन-तृतीयांश वाटा पहिल्या प्रकाराचा. त्यातून प्रोटॉनला मिळतं चार-तृतीयांश अप उणे एक-तृतीयांश डाउन. न्यूट्रॉनसाठी नावं अदलाबदल केली. भागाकार आला उणे दोन-तृतीयांश, म्हणजे उणे ०.६६७. मी वही घेऊन तशीच खळ्यात बाबांकडे गेले. त्यांनी पेटीवर खिळा ठोकता ठोकता दोन्ही आकडे नीट पाहिले आणि विचारलं, "एवढं जवळ?"

पुढचं काम भराभर झालं. लॅम्डा हा अप, डाउन आणि त्यांच्याहून जड स्ट्रेंज क्वार्कचा बॅरिऑन. त्यात अप-डाउनची जोडी स्पिन शून्य करून बसते, म्हणून त्याची सगळी मोमेंट, उणे ०.६१३, एकट्या स्ट्रेंजची. शून्य भाराच्या सिग्मा या बॅरिऑनातही तेच तीन क्वार्क, तरी तो सुमारे ७७ एमईव्हीने जड. स्पिन-स्पिन बल क्वार्क जड असेल तितकं कमी होतं, म्हणून हलक्या जोडीची मांडणी बदलली की वस्तुमान बदलतं. हे मला फार आवडलं. लॅम्डा १११४ आला (प्रयोगात १११६), तीन स्ट्रेंजचा ओमेगा १६८२ (प्रयोगात १६७२). मात्र वस्तुमानासाठी हलका क्वार्क ३६३ एमईव्हीचा धरावा लागतो आणि मोमेंटसाठी ३३० च्या आसपास. हे मला खटकलं आणि प्रबंधात मी ते स्पष्ट लिहिलं.

उणे २ आलेलं ते पानही मी प्रबंधात ठेवलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर घालवला. मग तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "क्साय मायनसचं काय?" दोन स्ट्रेंज आणि एक डाउन असलेल्या या बॅरिऑनच्या मोमेंटचं माझं उत्तर उणे ०.४९, मोजलेलं उणे ०.६५. क्वार्कांभोवतीचा मेसॉनचा (क्वार्क आणि प्रतिक्वार्कच्या जोडीच्या कणांचा) ढग धरला तर यातला किती फरक भरून निघतो, ते सध्या वाचते आहे.