ट्रायजचे, म्हणजे आलेले बग रिपोर्ट तपासून लावायचे, हक्क द्यायला आम्ही एवढं का घाबरतो?

फिक्स रिलीज झालंय म्हणून आता लिहितोय. आमच्या ओपन सोर्स प्रोजेक्टमधे डुप्लिकेट (आधीच नोंदवलेला) म्हणून बंद केलेल्या एका इश्यूखाली, म्हणजे बग रिपोर्टखाली, एका व्हॉलंटियरची कमेंट कितीतरी दिवस तशीच पडून होती. "हा डुप्लिकेट नाहीये." बंद इश्यूवरच्या कमेंट कोणी वाचत नाही आणि इश्यू परत उघडायचा हक्क तिला नव्हता.

झालं असं की या आणि आधी नोंदवलेल्या, दोन्ही क्रॅशच्या स्टॅक ट्रेसमधे (क्रॅशच्या वेळी कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) सगळ्यात वर मॅलॉक, म्हणजे मेमरी देणारं फंक्शन, तेवढं बघून आमच्यातल्या एकाने बंद करून टाकला. अरे, मॅलॉकमधे क्रॅश म्हणजे बहुतेक वेळा मेमरी आधीच दुसऱ्या कोणीतरी खराब केलेली असते, मॅलॉकला ते फक्त नंतर कळतं! तिने यादीतल्या खालच्या फ्रेम्स (ओळी) वाचल्या, एकात ऑटोसेव्ह, दुसऱ्यात इमेज उघडणारा कोड. मग ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) लावून बिल्ड केलं, क्रॅश करणारी फाइल कापत कापत अगदी काही बाइट्सवर आणली तरी क्रॅश होतोच, बफरच्या (राखून ठेवलेल्या मेमरीच्या) बाहेर लिहिलं जातंय. आणि ती फाइल तिने तिथे जोडली नाही, "सिक्युरिटीचा मामला वाटतो, खासगीत पाठवते" एवढंच लिहिलं. ही समज आमच्या कित्येक जुन्या लोकांकडे नाही.

मी लगेच म्हटलं, हिला ट्रायज रोल द्या. तर ग्रुपवर एक्सझेडचा (फाइल कॉम्प्रेस करणारं टूल, ज्यात विश्वास कमावलेल्या एका मेंटेनरनेच चोरवाट घातली) विषय निघाला, २०२४ मधे काय झालं आठवतंय ना वगैरे. आठवतंय, पण तिथे त्या माणसाच्या हातात कोड आणि रिलीज दोन्ही गेलं होतं. गिटहबवर ट्रायजवाल्याला लेबल लावता येतं, इश्यू बंद करता, उघडता येतो, कोणाला तरी असाइन करता येतो. पुश नाही, मर्ज नाही, म्हणजे कोडला हात लावता येत नाही, नवीन लेबल बनवणंसुद्धा नाही. चुकलं तर टाइमलाइनवर नावासकट दिसतं आणि उलटवता येतं. चार पॅच पाठवणाऱ्याला आम्ही राइट ॲक्सेस (कोड बदलायचा हक्क) देऊन मोकळे होतो आणि महिनोन् महिने रिपोर्ट तपासणाऱ्या बाईवर मात्र चर्चा, हे मला अजून पचलेलं नाही.

शेवटी दिला रोल. आता ती मॅलॉकच्या नावाखाली बंद झालेले जुने रिपोर्ट एकेक करून उघडतेय, ज्याने ते बंद केले होते तो मला विचारतोय, हिला जरा थांबवायचं का. मी नाही म्हणून सांगितलंय.